आरशात बसतं, गाडीवर बसत नाही

काका,
गाडी चालवायला लागून मला चार वर्षं झाली. इतके दिवस कापडी जॅकेटवर भागवलं. गेल्या आठवड्यात साठवलेल्या पैशांतून लेदरचं जॅकेट घेतलं. काळं, तिरप्या झिपचं, कमरेपर्यंतचं. दुकानातल्या आरशात असं काही दिसलं की अंगातून काढवेना. घरी येऊन गाडीवर बसले, हँडल धरलं, तर बाह्या मनगटाच्या चार बोटं वर चढल्या आणि मागे जीन्स आणि जॅकेटच्या मध्ये पंजाएवढी फट पडली. झिप लावताना श्वास रोखावा लागतो. कोपराचं पॅड कोपरावर नाही, दंडाकडे सरकलंय. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "लेदर आहे ताई, अंगावर मोकळं होईल." दादा म्हणतो, सरळ एक साइज मोठं घे, थंडीत आत स्वेटरही मावेल. आई म्हणते, शिंप्याकडे दे, तो बाह्या सोडवून देईल. बदलून घ्यायला अजून आठवडा आहे. कोणाचं ऐकू? आणि हे जॅकेट चालताना कर्रकर्र वाजतं, ते कधी थांबेल?
– आरशात रुबाब, गाडीवर पंचाईत

मुली,

तुझ्याकडे आठवडाच आहे, म्हणून आधी निकाल सांगतो: जॅकेट बदल. मात्र दादा म्हणतो तसं तेच जॅकेट एक साइज मोठं आणू नकोस. तिघांच्याही म्हणण्यात थोडंथोडं खरं आहे आणि तिघांपैकी कुणाचंही पूर्ण ऐकलंस तरी तू फसशील.

तू जॅकेट उभ्यानं घेतलंस. दुकानात सगळे उभ्यानंच घेतात, कारण आरसा भिंतीला असतो आणि गाडी बाहेर. पण हा कपडा उभं राहायचा नाहीच. तो हात पुढे केलेल्या, कोपरं वाकवलेल्या, पाठ जराशी गोल केलेल्या माणसासाठी आहे. त्या अवस्थेत तुझं शरीर वेगळ्याच मापाचं होतं. हात पुढे गेले की दोन खवाट्यांमधलं अंतर वाढतं, पाठ रुंद होते. कोपर वाकलं की खांद्यापासून मनगटापर्यंतची बाहेरची बाजू लांब होते. बसलं की मानेपासून कमरेपर्यंतची पाठही लांबते. कापड असतं तर थोडं ताणून त्यानं निभावून नेलं असतं. लेदर तसं करत नाही. पाठीला जास्त जागा लागली की ते बाह्यांतून ओढून घेतं, तिथे पुरलं नाही तर खालच्या काठाकडून ओढून घेतं. तुझ्या बाह्या चढल्या आणि मागे फट पडली, त्यातला निदान काही भाग एकाच कारणाचा आहे.

किती भाग, हे कळायला घरीच एक प्रयोग कर. गाडी स्टँडवर पक्की उभी कर. एरवी जॅकेटच्या आत जे घालतेस तेच घाल, झिप पूर्ण लाव आणि हँडल धर. कुणाला तरी बघायला सांग की मनगटाचं हाड किती उघडं पडलंय. आता हात हँडलवर तसेच ठेवून त्या माणसाला समोरची झिप पूर्ण उघडायला सांग. बाह्या सरसर खाली उतरून मनगटावर आल्या, तर बाहीची लांबी ठीक आहे आणि छाती-पाठीत जॅकेट अरुंद आहे. झिप उघडूनही बाह्या तिथेच अडकून राहिल्या, तर बाहीच आखूड आहे, रुंदीचा दोष नाही. अर्ध्या उतरल्या तर दोन्ही. तू श्वास रोखून झिप लावतेस आणि पॅडही दंडाकडे आहे, त्यावरून तुझं हे तिसरं प्रकरण असावं असा माझा अंदाज. पण अंदाजावर जाऊ नकोस, पाच मिनिटांचं काम आहे.

आता दुकानदार. लेदर मोकळं होतं हे खरंच. जिथे रोज ताण पडतो तिथे ते सैल पडतं: कोपरावर, खांद्याच्या गोलाईवर, पाठीत आडवं. काही आठवड्यांच्या वापरानंतर जॅकेट तुझ्या अंगाचा आकार घेतं आणि मग ते दुसऱ्या कुणालाच तुझ्यासारखं बसत नाही. पण हे सगळं रुंदीत होतं. लांबीत होत नाही. उलट बाही वापरानं आखूड होते, ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला कायमच्या चुण्या पडतात आणि त्या चुण्यांत थोडी लांबी जाते. म्हणून नवी बाही उभं असताना जरा लांबच वाटली पाहिजे. हात सरळ खाली सोडला की ती अंगठ्याच्या मुळापर्यंत यावी आणि हँडल धरलं की मनगटाच्या हाडावर थांबावी. उभ्यानं जी बाही मनगटावर नेमकी बसते आणि आरशात छान दिसते, ती गाडीवर हमखास आखूड.

छातीचं मात्र दुकानदाराच्या हिशेबात बसू शकतं. नवं जॅकेट घट्टच हवं. मिठी मारल्यासारखं. झिप ओढाताण न करता लागते, पूर्ण श्वास घेता येतो पण घेताना जॅकेट जाणवतं, स्वतःला दोन्ही हातांनी कवटाळलं की पाठीवर दाब येतो पण टाके ओरडत नाहीत, एवढं घट्ट असेल तर ते बसेल. श्वास रोखून झिप लावावी लागत असेल तर मोकळं होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. चामडं सैल व्हायच्या आधी झिपेच्या शिवणीवर ताण येईल, आणि पडण्याच्या वेळी उघडू नये अशी जी एक गोष्ट जॅकेटमध्ये असते ती झिपच.

इथे एक मेख आहे. जॅकेटच्या पाठीत अस्तराच्या आत एक खिसा असतो. तो चाचपून बघ. बऱ्याच जॅकेटांत तिथे साध्या फोमचा पातळ तुकडा घालून देतात, जागा भरायला. खरं बॅक प्रोटेक्टर, म्हणजे पाठीचं संरक्षक पॅड, वेगळं घ्यावं लागतं आणि ते बरंच जाड असतं. आज जे जॅकेट जेमतेम बसतंय ते उद्या प्रोटेक्टर घातल्यावर बसणारच नाही. म्हणून पुढचं जॅकेट घालून बघताना पाठीचं पॅड आत घालूनच बघ. दुकानात ते शेजारच्याच रॅकवर असतं, मागून घे. घालून बघायला द्यायला कुणी कुरकुर केली तर दुकान बदल.

दादाकडे वळतो, कारण सगळ्यात धोक्याचा सल्ला त्याचा आहे आणि सगळ्यात समजूतदार वाटणाराही तोच.

मीही तुझ्याएवढा असताना असंच केलं होतं. थंडीत आत स्वेटर मावावा म्हणून ऐसपैस जॅकेट घेतलं. आरामात घालता यायचं, आरामात काढता यायचं, खूश होतो. एका वळणावर बारीक खडी होती, गाडी घसरली. वेग अगदीच बेताचा. घसरत गेलो तो डाव्या कोपरावर. उठून बघतो तर जॅकेटला नुसता ओरखडा आणि कोपर सोलून निघालेलं. झालं असं की जमिनीला घासताना बाही पिळवटली, पॅड फिरून हाताच्या आतल्या बाजूला आलं, आणि मनगटापासून बाही वर सरकली. पॅड होतं, जॅकेट होतं, दोन्ही चांगलं होतं. फक्त जिथे हवं तिथे नव्हतं. तो डाग अजून आहे आणि लहान पुतण्यांना घाबरवायला उपयोगी पडतो.

पॅड कुठे आहे हा प्रश्न पॅड कसं आहे याच्याइतकाच महत्त्वाचा. युरोपात कोपर, खांदा, गुडघ्याच्या पॅडांसाठी ईएन १६२१-१ हे मानक आहे. पॅडवर ५० ज्यूलचा आघात करतात आणि पलीकडे किती जोर पोचला ते मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत असेल तर लेव्हल १, २० च्या आत असेल तर लेव्हल २. पाठीच्या पॅडांची कसोटी जास्त कडक आहे, तिथे हेच आकडे १८ आणि ९ आहेत. पॅड बाहेर काढून बघितलंस तर त्यावर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र, लेव्हलचा आकडा आणि एक अक्षर दिसेल: कोपराला ई, खांद्याला एस. शिवाय टाइप ए किंवा टाइप बी असं लिहिलेलं असतं, त्यात बी हे मोठ्या आकाराचं, जास्त भाग झाकणारं. हे सगळं छापलेलं असूनही लेव्हल २ चं पॅड दंडावर बसलं असेल तर कोपराच्या दृष्टीनं ते खिशातल्या रुमालासारखंच.

त्यामुळे नवं जॅकेट घालून बघताना कोपर वाकव आणि पॅड हातानं चाचप. कोपराचं टोक पॅडच्या खोलगट भागात बसलं पाहिजे आणि पॅडचा उरलेला भाग मनगटाच्या दिशेनं यायला हवा, कारण पडताना कोपराखालचा हातही जमिनीला लागतो. मग दुसऱ्या हातानं पॅड पकडून बाही गोल फिरवायचा प्रयत्न कर. जरासं हलेल, ते ठीक. कोपरावरून घसरून बाजूला गेलं तर बाही तुझ्या हाताला सैल आहे. मग बाहीचं टोक धरून वर ओढून बघ. आपोआप कोपरापर्यंत चढत असेल तर रस्त्यावरही चढेल. खांद्याचंही असंच: खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यावी. दंडावर उतरली असेल तर पॅडही उतरलेलं आहे आणि त्याच्यामागोमाग कोपराचं पॅडही हाताकडे उतरणार.

सैल जॅकेटचा दुसरा त्रास पडण्याआधीच सुरू होतो. वेग वाढला की वारा गळ्यातून आणि बाह्यांतून आत शिरतो, जॅकेट फुग्यासारखं फुगतं आणि खांद्यावर फडफडत राहतं. तासाभरानं मान आणि खांदे असे दुखतात की वाटतं गाडी आपणच ढकलत आणली.

आणि तिसरी गोष्ट शिवणकाम करणाऱ्यांनाच ठाऊक असते, ती मुंढ्याची. साइज वाढली की सहसा मुंढा खोल होतो, म्हणजे काखेतला जोड खाली उतरतो. आपल्याला वाटतं मुंढा खोल म्हणजे हात मोकळा. होतं उलटं. मुंढा काखेजवळ, वर असेल तर हात उचलला की फक्त हात हलतो. मुंढा खाली असेल तर हात उचलला की अख्खं जॅकेट वर उचललं जातं. तुझी कमरेची फट मोठ्या साइजमध्ये कमी होण्याऐवजी वाढू शकते, ती अशी. घालून बघताना दोन्ही हात समोर खांद्याच्या उंचीवर आण आणि खालचा काठ किती वर जातो ते बघ.

स्वेटरचं काय? जाडजूड स्वेटरसाठी जॅकेट घेऊच नये. अंगाला चिकटून बसणारा पातळ थर्मल आत घातला तर चांगली ऊब मिळते आणि जागाही लागत नाही. काही जॅकेटांत काढता येणारं उबदार अस्तर असतं. तसं असेल तर ते काढून जॅकेट बसवून बघ आणि मग घालूनही बघ. अस्तर घालून छान आणि काढल्यावर ढगळ, असं जॅकेट वर्षातला बराच काळ ढगळच राहणार. याला एकच अपवाद. जॅकेटच्या आत घालायचं एअरबॅग जाकीट पुढेमागे घेणार असशील तर ते फुगायला जागा लागते. तेव्हा आधी ते विकत घे आणि त्याच्यावर जॅकेट माप.

आईचा सल्ला कापडाच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर ठरला असता. आपल्या शिंप्यांचं कौशल्य हेच की ते माया सोडून शिवतात, उद्या अंग भरलं तर उसवून मोठं करता येतं. लेदरच्या जॅकेटला अशी माया नसते. शिवणीत चामडं दुमडून टिपेनं दाबलेलं असतं, आत वाढवायला काही उरत नाही. आणि उसवलं तरी सुईची भोकं बुजत नाहीत. कापडाचे धागे बाजूला सरकून परत जागेवर येतात, चामड्याला पडलेलं भोक कायमचं. जुन्या भोकांची ओळ नव्या शिवणीशेजारी राहिली तर ती तिकिटाच्या छिद्रांसारखी काम करते, ताण आला की तिथूनच फाटतं. त्यात बाहीच्या टोकाला झिप असते. म्हणजे बाही लांब करणं अशक्य, आणि आखूड करायची तरी निम्मं काम झिपेचं.

लेदरचं काम करणारा जाणता कारागीर असेल तर बगलेत चामड्याची किंवा ताणणाऱ्या कापडाची कळी टाकून रुंदी वाढवून देऊ शकतो, अगदी कुर्त्याला टाकतात तशी. पण घरच्या मशीनवर नाही, आणि आपण ज्याचे पैसे मोजले त्या शिवणीची हमी त्यानंतर कुणी देणार नाही. युरोपीय ईएन १७०९२ मानकात जॅकेट एएए, एए, ए, बी आणि सी अशा वर्गांत येतात आणि त्यासाठी चामड्याबरोबर शिवणीचीही ताकद तपासतात. (बी वर्ग बघून जपून राहा, त्यात घासण्यापासून संरक्षण असतं पण आघाताची पॅडं नसतात.) नव्याकोऱ्या जॅकेटची तपासलेली शिवण उसवायची आणि तीही बदलून मिळण्याची मुदत असताना, हे काही मला पटत नाही.

आता ती पंजाभर फट. तू घेतलंस ते तिरप्या झिपचं आखूड जॅकेट फार जुन्या घराण्यातलं आहे. न्यूयॉर्कच्या अर्विंग शॉट यांनी १९२८ साली 'परफेक्टो' नावाचं मोटरसायकलचं जॅकेट काढलं, तिथून ही तऱ्हा पसरली. तिरपी झिप नुसती दिसायला नाही. पुढे वाकल्यावर सरळ झिप पोटाशी गोळा होते, तिरपीचं तसं होत नाही, आणि समोरचे दोन पदर एकमेकांवर येत असल्यानं वारा अडतो. पण त्या काळी पँट बेंबीपर्यंत वर चढवून घालायचे, त्यामुळे कमरेशी संपणारं जॅकेट पुरायचं. नंतर पँट खाली उतरत गेली आणि जॅकेट होतं तिथेच राहिलं. तुझी फट पडलीय ती या दोघांच्या मधल्या काळात. म्हणजे तुझ्या जॅकेटमध्ये खोट आहे असं नाही, पण लो-वेस्ट जीन्सवर ते गाडीसाठी पुरणार नाही, मोठ्या साइजमध्येही नाही.

उपाय तीन. मागे पाठ लांब सोडलेला कट घ्यायचा. किंवा गाडीसाठीची उंच कमरेची पँट घ्यायची. किंवा, आणि हा मला सगळ्यात आवडतो, जॅकेट आणि पँट झिपेनं जोडायची. गाडीच्या बहुतेक जॅकेटांत आतून कमरेला अशी झिप असते. काहींत फक्त मागे वीतभर, काहींत कमरेभोवती पूर्ण. एका कंपनीची झिप दुसऱ्या कंपनीच्या पँटला बहुधा लागत नाही, म्हणून दोन्ही एकाच घरची घेतलेली बरी. जोडझिपेमुळे घसरताना जॅकेट वर सरकून पाठ उघडी पडत नाही, हा तिचा खरा उपयोग. वारा अडतो तो वरकमाईचा.

तेव्हा बदलायला गेलीस की काय शोधायचं? तू गाडी कोणती चालवतेस ते लिहिलं नाहीस आणि उत्तर बरंचसं त्यावर आहे. ताठ बसून चालवायची गाडी असेल तर साधारण सरळ कट चालतो, फक्त बाही आणि पाठ लांब हवी. पुढे झुकून चालवायची स्पोर्ट्स गाडी असेल तर तिच्यासाठीचं जॅकेट वेगळंच असतं: समोरून आखूड, मागून लांब, बाह्या आधीच कोपरात वाकवून शिवलेल्या. ते घालून उभं राहिलं की माणूस कुस्तीला उतरल्यासारखा दिसतो. मी पहिल्यांदा घातलं तेव्हा विक्रेत्याला म्हटलं होतं, हे बिघडलेलं आहे, दुसरं दाखवा. त्यानं शांतपणे बाहेर नेऊन गाडीवर बसवलं.

कुठल्याही गाडीसाठी असो, पाठीत खांद्यांच्या मागे दोन उभ्या घड्या असतील तर चांगलं. हात पुढे गेला की त्या उलगडतात आणि पाठीला लागणारी जास्तीची जागा तिथून मिळते, बाहीतून ओढावी लागत नाही. काही जॅकेटांत तीच जागा हार्मोनियमच्या भात्यासारख्या चुण्यांच्या पट्टीनं दिलेली असते, खांद्यावर, कोपरावर. ही एक गोष्ट असेल तर घट्ट साइजमध्येही तुझा निम्मा प्रश्न सुटतो. चामडं दोन बोटांत धरून बघ. गाडीच्या जॅकेटला गाईगुरांचं चामडं साधारण १.१ ते १.४ मिलिमीटर जाड असतं, मिरवायच्या जॅकेटचं बहुधा त्याहून बरंच पातळ. पातळ चामडं पहिल्याच दिवशी अंगावर लोण्यासारखं बसतं, म्हणून फसू नकोस. जाड चामड्याला वेळ द्यावा लागतो.

बायकांसाठीच्या कटमध्येच घे. पुरुषांच्या जॅकेटमध्ये छातीला जागा मिळवायची तर खांदे रुंद होतात, आणि खांदे रुंद झाले की पॅडं उतरली. नितंबाच्या बाजूंना झिपा असलेलं मिळालं तर बघ, बसल्यावर त्या उघडल्या की खालचा काठ वर ढकलला जात नाही. आणि तुझे हात लांब असतील तर काही कंपन्या त्याच साइजमध्ये 'लाँग' किंवा 'टॉल' असा प्रकार काढतात. छाती तीच, बाही आणि पाठ लांब. बाहीचं कोडं दादाच्या मोठ्या साइजनं नाही, यानं सुटतं.

साइजच्या आकड्यावर विसंबू नकोस. पुरुषांचं त्यातल्या त्यात सोपं आहे: युरोपीय ५० म्हणजे छाती १०० सेंटिमीटर, त्याच्या निम्मा आकडा, आणि ब्रिटिश-अमेरिकन ४० म्हणजे ४० इंच, दोन्ही जवळपास एकच. बायकांच्या मापात जर्मन ३८ हे इटालियन ४४ होतं, म्हणून जॅकेट कुठल्या देशाच्या मापानं कापलंय ते विचारावंच लागतं. त्यापेक्षा टेपनं माप घेऊन जा. छाती सगळ्यात भरलेल्या जागी, टेप जमिनीला समांतर. बाहीसाठी कोपर वाकवून, मानेच्या मागच्या वर आलेल्या मणक्यापासून खांद्यावरून, कोपराच्या टोकावरून मनगटापर्यंत. सरळ हाताचं माप घेतलंस तर पुन्हा हीच कथा होईल. पाठ मोजताना बसून मोज. कुठेच जमलं नाही आणि मापानं शिवून घ्यायची वेळ आली तरी हीच मापं द्यायची, आणि कारागिरानं उभ्यानंच माप घेतलं तर त्याला थांबवायचं.

कॉलरचं फार नाही: बंद केल्यावर एक-दोन बोटं आत जावीत, आणि हेल्मेट घालून मान वर केली तर हेल्मेटचा मागचा काठ कॉलरवर आपटू नये. हातमोजेही बरोबर ने. लांब मनगटाचे असतील तर ते बाहीच्या वरून जातात की आतून, हे तिथेच ठरव. आतून जाणारे असतील तर बाहीची झिप त्यांच्यासकट लागायला हवी.

आणि बदलून मिळेपर्यंत आहे ते जॅकेट घालून कुठेही जाऊ नकोस. घरातच, लेबलं न काढता, वर सांगितलेला प्रयोग कर आणि परत पिशवीत ठेव. मऊ व्हावं म्हणून तेल-क्रीम काही लावू नकोस. एकदा कोपरावर चुणी पडली किंवा क्रीमचा डाग पडला की दुकानदार परत घेणार नाही, आणि त्याचं चूक नसेल. नवं आल्यावरही मोकळं करायच्या घाईनं ते भिजवून हीटरसमोर वाळवायचे उद्योग नकोत. उष्णतेनं चामडं आकसतं आणि कडक होतं. घरात वावरताना, वाचत बसताना घाल, कोपरं वाकवत राहा, लवकर मऊ होईल.

दुकानात जाताना गाडीवरच जा आणि गाडी दाराशी लाव. गाडी नेता येत नसेल तर खुर्ची उलटी फिरवून तिच्यावर घोड्यासारखी बस आणि पाठीचा वरचा काठ हँडल समजून धर. हेल्मेट घालून, हातमोजे चढवून. लोक बघतील. बघू देत. त्या खुर्चीवर निदान दहा मिनिटं बस, कारण काखेत कुठे काचतं आणि गळ्याशी कुठे टोचतं ते पहिल्या मिनिटात कळत नाही.

राहिलं कर्रकर्र. ते नव्या चामड्याचं आहे, वरचा थर कडक असतो आणि घडीला घडी घासते. जसं अंगाशी जुळेल तसं कमी होत जाईल, तोवर ग्रंथालयात घालून जाऊ नकोस.

– काका